बस तेवढ्याच, मग थांबणं कमी कसं?

"बस वाढवल्या की प्रश्न सुटला," असं आपल्याला सहज वाटतं. आज जरा उलटं बघू.

एक मार्ग धरा, जाऊन-येऊन बरोबर एक तासाचा. बस चार. चारही त्याच मार्गावर सोडल्या तर दर १५ मिनिटांनी एक येते. कधीही स्टॉपवर जा, सरासरी साडेसात मिनिटं थांबायचं. आता कुणी म्हणालं, "आमच्याही गल्लीतून न्या," म्हणून त्याच चार बस तेवढ्याच लांबीच्या चार मार्गांवर वाटल्या. प्रत्येकावर तासाला एक. सरासरी थांबणं अर्धा तास! नकाशा मस्त भरलेला दिसतो, पण माणूस रिक्षाच पकडतो.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने हेच कोडं सोडवायला घेतलं. जुने बरेचसे मार्ग डाउनटाउनकडे धावायचे. शहराच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जायचं तरी आधी मध्यात जा! जॅरेट वॉकर हे सल्लागार सोबत होते, पण निर्णय बस चालवणाऱ्या 'मेट्रो' संस्थेच्या मंडळाला घ्यायचा होता: ८० टक्के ताकद जिथे प्रवासी भरपूर मिळतील तिथे, आणि २० टक्के जिथे प्रवासी थोडे, पण बस नसेल तर माणसं अडकतील तिथे. मग आडव्या-उभ्या मार्गांची जाळी आखली आणि मुख्य मार्गांवर दिवसभर १५ मिनिटांत बस, रविवारीसुद्धा. १६ ऑगस्ट २०१५ ला, एका रात्रीत सगळं जाळं बदललं. रविवारचे प्रवासी तर लगेच वाढले.

पण गोड गोड सांगून थांबत नाही. जाळी म्हटलं की चौकात उतरून दुसरी बस पकडणं आलंच. आणि २० टक्क्यांच्या वाट्यातल्यांचं काय? विरळ वस्तीच्या ईशान्य भागातून विरोध झाला. ज्या आजीबाईंच्या दारातला स्टॉप गेला, त्यांना सरासरी सांगून काय उपयोग? मला वाटतं, ८०-२० चा आकडा इंजिनिअरने ठरवूच नये, तो उघड चर्चेतूनच यावा.

आपल्याकडे अजून एक मेख आहे. पास नसेल तर बस बदलली की बहुतेक ठिकाणी तिकीट पुन्हा काढायचं. बदलण्याचा असा दंड भरावा लागत असेल, तर जाळी कितीही सुंदर आखा, लोक थेट बसच मागणार. तुमच्या रोजच्या प्रवासात किती वेळा बस बदलता, आणि कुठे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात तुमचाच मार्ग घेऊ.