बाळराजांचे सिंहासन

आमच्या नातवाचे उष्टावण झाले त्या दिवशी घरात कोण आनंद! गुजरीतून मुद्दाम आणलेली चांदीची वाटी, तीत पातळ खीर, आणि बाळराजे मामाच्या मांडीवर. पहिला घास तोंडात पडताच त्यांनी असे काही तोंड वाकडे केले, की जमलेल्या बायकांची हसून पुरेवाट झाली. समारंभ पार पडला, मामा आपल्या गावी गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न उभा राहिला. मामाची मांडी तर गेली. आता बाळाला भरवताना बसवायचे कुठे?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? खरेच, आमच्या सासूबाईंना तो कधी पडला नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात पंगत जमिनीवर बसे. पोर कुणाच्या तरी मांडीत असे. मांडीवरून घसरले तर पाटावर येई, पाटावरून घसरले तर जमिनीवर. दोन बोटांची उंची ती! पुढे आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो. टेबल आले, खुर्च्या आल्या. ‘ह्यां’च्या गुडघ्यांना आराम पडला. मोठी माणसे अशी दीड हात वर चढली आणि बाळ तेवढे खाली राहिले. म्हणजे पाहा, ही उंच खुर्ची आपल्या घरात आली ती बाळासाठी नव्हे, टेबलासाठी.

चिरंजिवांनी एक खुर्ची आणली. दिसायला काय देखणी! फुलाफुलांची गादी, पुढे ताटासारखा ट्रे, ट्रेवर वाजणारी खेळणी आणि पायांना चाके. शेजारणी पाहायला आल्या. पण हे कौतुक आठच दिवस टिकले.

नवव्या दिवशी सकाळी दूध उतू जाईल म्हणून मी गॅसकडे वळले. सूनबाई वाटीत मऊ भात कालवत होती. बाळाने दोन्ही पाय टेबलाच्या कडेला लावले आणि जोर करून रेटले. खुर्ची मागे कलली. सूनबाईने ट्रे पकडला, तर तो सुटून तिच्या हातातच आला! खुर्ची भिंतीला टेकून अडकली आणि बाळाचे डोके भिंतीवर आपटले. त्याचा रडण्याचा आवाज येईपर्यंत जे एक-दोन क्षण गेले, ते आठवले की अजून माझ्या हातापायांतले बळ जाते.

आम्ही तसेच दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी बाळाला नीट तपासले. टेंगूळ आले होते, बाकी काही नव्हते. मग त्यांनी विचारले, “काकू, पट्टा बांधला होता का?”

काय सांगणार? पट्टा होता, पण गादीखाली सरकवलेला. दोन घासांसाठी कशाला बांधायचा, असे मीच सुनेला म्हटले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. जन्मतः तर लांबीचा चौथा हिस्सा डोक्याचाच. म्हणून मूल पडते तेव्हा पुष्कळदा आधी डोकेच आपटते.” घरी जाताना लक्ष ठेवायच्या खुणाही त्यांनी सांगितल्या, त्या प्रत्येक आईने पाठ कराव्यात. पडल्यावर मूल बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा ओकू लागले, नेहमीपेक्षा गुंगीत दिसले, झटके आले किंवा नाकाकानातून पाणी अगर रक्त आले, तर घरगुती लेप लावत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

सुतारमामांचा न्याय

ती खुर्ची मी आमच्या ओळखीच्या सुतारमामांना दाखवली. त्यांनी ती एका बोटाने हलवली आणि हसले. “आक्का, बूड बारीक आन् डोस्कं मोठं. ही पडणार न्हाई तर काय हुईल? खुर्ची असू द्या न्हाईतर तिवई, पाय खाली फाकलं पायजेत बघा.”

परदेशात ज्या गोष्टीसाठी कायदे झाले, तीच मामांनी दोन वाक्यांत सांगितली. अमेरिकेत बाळांच्या उंच खुर्च्यांसाठी २०१८ साली सक्तीचे नियम करण्यात आले. युरोपातही त्यांचे स्वतंत्र मानक आहे. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. पण ट्रेवरच्या खुळखुळ्याला ते चिन्ह आहे म्हणून खुर्ची मजबूत आहे, असे समजू नये. खुर्चीची परीक्षा आपणच घ्यायची.

दुकानात काय पाहावे?

पुढे मी आणि सूनबाई राजारामपुरी, लक्ष्मीपुरी पालथी घातली. दुकानदार कंटाळले, पण आम्ही शहाण्या झालो. त्या शहाणपणाचे सार असे:

पाय बैठकीपेक्षा बाहेर पसरलेले असावेत. खुर्ची मागून, पुढून, बाजूने हलवून पाहावी. चाके असली तर त्यांना कुलूप हवेच. नसली तर अधिक बरे.

पट्टा पाच टोकांचा उत्तम: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला आणि एक दोन पायांच्या मधून. हा मधला पट्टा अगर खुंटी फार महत्त्वाची. ती नसेल तर बाळ ट्रेखालून खाली घसरते आणि मान अडकते. ट्रे म्हणजे पट्टा नव्हे, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

घडीची खुर्ची असेल तर उघडल्यावर तिची कळ ‘खट्’ करून बसते ना, ते पाहावे. सांध्यांत, फटींत बाळाची करंगळी चिमटेल का, तेही आपले बोट फिरवून पाहावे.

पाय ठेवायला फळी असावी. लोंबते पाय घेऊन आपल्यालाही धड जेवता येत नाही. नॉर्वेचे पीटर ऑप्सविक यांनी आपला लहान मुलगा टेबलाशी नीट बसू शकत नाही हे पाहून १९७२ मध्ये एक लाकडी खुर्ची काढली. तिची बैठक आणि पायाखालची फळी दोन्ही मुलाच्या वाढीबरोबर खालीवर करता येतात. ‘ट्रिप ट्रॅप’ नावाची ती खुर्ची आजही विकली जाते.

आणि शेवटी, धुता येईल तीच खुर्ची घ्यावी. फुलाफुलांच्या गादीच्या शिवणीत वरणभात शिरला की तो निघत नाही, आणि कोल्हापूरच्या मुंग्यांना गुळाचा वास कुठूनही लागतो! गुळगुळीत लाकूड किंवा साधे प्लॅस्टिक बरे.

माळ्यावरची जुनी खुर्ची रंगवून वापरायचा मोह आम्हालाही झाला होता. पण घरगुती रंगातले शिसे दहा लाखांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा कोणी द्यावा? आणि बाळ तर ट्रेची कड चावणारच.

खुर्ची आल्यावर

बाळ आधाराशिवाय बसू लागल्याखेरीज त्याला या खुर्चीत बसवू नये. कुणी चौथ्या महिन्यात बसते, कुणी नवव्यात. शेजारच्या बाळाशी शर्यत लावू नये. वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

खुर्ची टेबल, भिंत आणि ओट्यापासून इतकी दूर ठेवावी, की बाळाचे पाय तिथे पोचणार नाहीत. गरम चहा, पडद्याच्या दोऱ्या, विजेच्या वायरी त्याच्या हाताला लागू नयेत. पट्टा प्रत्येक वेळी बांधावा, दोन घासांसाठीसुद्धा. आणि बाळ खुर्चीत असताना दारावरची घंटा वाजली तर वाजू द्यावी.

ट्रेवर काय वाढतो, याचाही विचार हवा. आपल्या घरात भडंगाचा डबा कधी रिकामा नसतो, आणि कौतुकाने आजोबा दोन दाणे बाळापुढे टाकतात. तेवढा एक दाणा श्वासनळीत अडकला तर जिवावर बेतते. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवूसुद्धा नये.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा पाटच बरा. मीही तेच म्हणते! ज्या घरात अजून खाली बसून जेवतात, तिथे उंच खुर्ची मुळीच घेऊ नये. पाठ, हात आणि पट्टा असलेली वीतभर उंचीची बैठी खुर्ची सुतारमामा करून देतील. बाळ पंगतीत बसेल आणि पडले तरी फार दूर जाणार नाही.

आमच्या घरी मात्र टेबल आहे, ‘ह्यां’चे गुडघे आहेत, म्हणून आम्ही फाकल्या पायांची, साधी, लाकडी उंच खुर्ची घेतली. तिला फुले नाहीत, खेळणी नाहीत. शेजारणी आता पाहायला येत नाहीत. पट्ट्याची कळ लागल्याचा आवाज आला, की बाळ टाळ्या पिटते. त्या आवाजामागून भात येतो, हे त्याला कळले आहे.

भाऊबीजेला मामा येणार आहे. सिंहासन पाहून तो काय म्हणतो ते पाहायचे. मामाची मांडी दिसली की बाळराजे राज्यत्याग करतील, याबद्दल मात्र मला शंका नाही.