नामवंत प्रशिक्षक आणि धडपडणारा संघ

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडकावर प्रथमच आपले नाव कोरले. १९५७-५८ च्या हंगामात या स्पर्धेत पहिले पाऊल टाकणाऱ्या संघाला विजेतेपदासाठी तब्बल सहा दशके वाट पाहावी लागली होती. या काळात विदर्भाला अंतिम फेरीदेखील कधी गाठता आली नव्हती. बलाढ्य संघांना गुण मिळवून देणारा संघ अशीच त्याची ओळख अनेक वर्षे राहिली. त्यामुळे या यशाचे श्रेय कोणाचे, ही चर्चा लगेच सुरू झाली आणि बहुतेकांनी एकच नाव घेतले. ते होते त्याच हंगामात संघाची सूत्रे हाती घेतलेले मुंबईकर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे.

अपयशी संघाने मोठ्या नावाचा प्रशिक्षक आणावा आणि त्याने चमत्कार घडवावा, ही कल्पना क्रीडाविश्वात सर्वत्र आढळते. अमेरिकेत तर विद्यापीठांचे फुटबॉल संघ यासाठी कोट्यवधी डॉलर मोजतात. मात्र असे प्रयोग काही ठिकाणी यशस्वी होतात, तर काही ठिकाणी साफ फसतात. त्यामागची कारणे समजून घ्यायची असतील, तर विदर्भाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. प्रशिक्षक निघून गेल्यानंतर काय उरते, याचे उत्तरही तेथे मिळते.

मुंबईने सोडले, विदर्भाने स्वीकारले

रमाकांत आचरेकर यांच्या तालमीत तयार झालेले पंडित यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांत भारताकडून खेळले. मात्र त्यांची खरी ख्याती झाली ती प्रशिक्षक म्हणून. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. २०१६-१७ मध्येही मुंबईने अंतिम फेरी गाठली, परंतु इंदूरला झालेल्या त्या सामन्यात गुजरातने बाजी मारली. विजेतेपदाखेरीज काहीही चालत नाही, अशी परंपरा असलेल्या मुंबईत उपविजेतेपद म्हणजे अपयशच. पंडित यांची जबाबदारी समीर दिघे यांच्याकडे सोपविण्यात आली आणि विदर्भ क्रिकेट संघटनेने ही संधी साधली.

पंडित हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक म्हणून ओळखले जातात. वेळेचे बंधन, तंदुरुस्ती आणि सरावातील सातत्य याबाबत ते तडजोड करीत नाहीत. विदर्भाच्या खेळाडूंना त्यांनी आणखी एक गोष्ट दिली. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये गृहीत धरली जाणारी, पण नागपुरात दुर्मीळ असलेली ही गोष्ट म्हणजे विजेतेपद आपलेच आहे, असे मानून मैदानात उतरण्याची सवय.

त्या हंगामातील कोलकात्याचा उपांत्य सामना या बदलाची साक्ष देतो. विजयासाठी १९८ धावांचे लक्ष्य असलेल्या कर्नाटकाला विदर्भाने १९२ धावांत गुंडाळले आणि अवघ्या पाच धावांनी सामना जिंकला. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी याने त्या सामन्यात १२ बळी घेतले. अंतिम सामन्यात तर त्याने हॅट्ट्रिक साधली. कर्णधार फैज फझल याने हंगामात ९१२ धावा केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने अंतिम सामन्यात १३३ धावांची खेळी करून संघाला ५४७ धावांपर्यंत नेले. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने विजेतेपद राखले. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने त्या सामन्यात ११ गडी बाद केले. पहिले यश हा योगायोग नव्हता, हे या दुसऱ्या करंडकाने सिद्ध केले.

पाया आधीच घातलेला होता

तथापि, सारे श्रेय एका व्यक्तीला देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. पंडित नागपूरला आले तेव्हा तेथे ओसाड माळरान नव्हते. २००८ मध्ये जामठा येथे नवे स्टेडियम उभे राहिले होते. संघटनेच्या अकादमीतून वेगवेगळ्या वयोगटांतील मुले घडू लागली होती. उमेश यादव याच्यासारखा गोलंदाज विदर्भातून भारतीय संघात पोहोचला होता. पारस म्हांब्रे यांच्यासारख्या अनुभवी प्रशिक्षकांनी येथे आधी काम केले होते. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशा सलग दोन हंगामांत संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. त्याखेरीज मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश हे बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज संघात होते.

म्हणजेच इमारतीचा पाया आणि भिंती तयार होत्या. पंडित यांनी त्यावर छप्पर घातले, असे म्हणता येईल. यामुळे त्यांचे महत्त्व कमी होत नाही, कारण छपराविना घरात राहता येत नाही. मात्र पायाच नसेल, तर उत्तम गवंडीही छप्पर अधांतरी टांगू शकत नाही.

मध्य प्रदेशातही याचीच पुनरावृत्ती झाली. २०२० मध्ये पंडित त्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि २६ जून २०२२ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशने मुंबईलाच सहा गडी राखून हरविले. मध्य प्रदेशचे हे पहिलेच रणजी विजेतेपद. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर कर्नाटकाविरुद्धचा अंतिम सामना मध्य प्रदेशने गमावला होता आणि तेव्हा संघाचे कर्णधार होते स्वतः पंडित. २३ वर्षांनी त्याच मैदानावर त्यांचे डोळे पाणावले, त्यात नवल नव्हते. या विजयातही यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी पहिल्या डावात झळकावलेली शतके निर्णायक ठरली.

अमेरिकी विद्यापीठांचा अनुभव

हाच प्रश्न अमेरिकेत अधिक मोठ्या प्रमाणावर विचारला जातो. तेथील फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा निराळा. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या सीमेपलीकडे नेण्याचा हा खेळ विद्यापीठांच्या पातळीवरही प्रचंड लोकप्रिय असून, त्यांच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात. संघ ढेपाळला, की माजी विद्यार्थी आणि देणगीदार अस्वस्थ होतात आणि व्यावसायिक लीगमध्ये नाव कमावलेल्या प्रशिक्षकाचा शोध सुरू होतो.

या प्रयोगाचे सर्वाधिक गाजलेले यश म्हणजे पीट कॅरोल. व्यावसायिक लीगमधील न्यूयॉर्क जेट्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स या दोन्ही संघांनी त्यांना दूर केले होते. डिसेंबर २००० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांची नियुक्ती केली, तेव्हा पाठीराख्यांनी नाराजीच व्यक्त केली. विद्यापीठाची ती पहिली पसंतीही नव्हती. आदल्या हंगामात पाच विजय आणि सात पराभव अशी स्थिती असलेला हा संघ कॅरोल यांच्या पहिल्या वर्षी सहा विजय आणि सहा पराभवांपर्यंत पोहोचला. दुसऱ्या वर्षी त्याने ११ सामने जिंकले आणि पुढे २००३ व २००४ या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मिळविला. सलग ३४ सामने जिंकण्याचा पराक्रमही याच काळातला.

याउलट बिल वॉल्श यांची कथा. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स संघाला तीन सुपर बोल जिंकून देणारे वॉल्श १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे परतले. पहिल्या हंगामात दहा विजय मिळाले, दुसऱ्या हंगामात चार, तर तिसऱ्या हंगामात केवळ तीन. त्यानंतर ते बाजूला झाले.

अलीकडचे उदाहरण बिल बेलिचिक यांचे. पेट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकणाऱ्या बेलिचिक यांना नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी करारबद्ध केले. वार्षिक मानधन एक कोटी डॉलर, म्हणजे सुमारे ८५ कोटी रुपये. वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी प्रथमच विद्यापीठाच्या संघाची धुरा स्वीकारली होती. २०२५ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने त्यांच्या संघाला ४८-१४ असे चिरडले आणि हंगामाअखेर चार विजय व आठ पराभव पदरी पडले. एका हंगामावरून अंतिम निष्कर्ष काढणे योग्य नसले, तरी मोठे नाव म्हणजे तात्काळ यश नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

खेळ तोच, काम वेगळे

व्यावसायिक संघात यशस्वी ठरलेली व्यक्ती विद्यापीठात का अडखळते? खेळ तोच असला, तरी प्रशिक्षकाचे काम बदललेले असते. अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू ठरावीक क्रमाने संघांच्या वाट्याला येतात, वेतनावर मर्यादा असते आणि करार पाळावे लागतात. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला मात्र सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांची समजूत काढावी लागते. २०२१ पासून या खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व्यावसायिक वापर करून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली. विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे. त्यामुळे संघाची बांधणी दरवर्षी जवळजवळ नव्याने करावी लागते. कॅरोल यांना तरुणांना आपलेसे करण्याची हातोटी होती आणि तेथेच त्यांचे यश होते.

पंडित यांना हाच धडा उलट्या दिशेने मिळाला. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांची मुख्य प्रशिक्षकपदी निवड केली. रणजी संघातील तरुणांना घडविणारी शिस्त जगभर खेळलेल्या खेळाडूंना मात्र जाचक वाटली. काय घालावे आणि कसे वागावे हे अशा खेळाडूंना सांगावे लागत नाही, अशा आशयाची नाराजी त्या संघातून खेळलेल्या डेव्हिड वीजा याने नंतर जाहीरपणे व्यक्त केली. २०२३ मध्ये संघ सातव्या स्थानावर राहिला. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आल्यावर त्याने विजेतेपद पटकावले. २०२५ मध्ये तो आठव्या स्थानावर घसरला आणि जुलैमध्ये पंडित यांनी निरोप घेतला. त्यांच्या पद्धतीत दोष होता, असे यावरून म्हणता येणार नाही. दीर्घकाळ एकत्र राहणारा रणजी संघ आणि दोन महिन्यांसाठी जमणारा आयपीएल संघ यांच्या गरजाच भिन्न असतात.

प्रशिक्षक गेल्यानंतर

अशा प्रयोगाची खरी परीक्षा प्रशिक्षकाच्या निरोपानंतर होते. कॅरोल जानेवारी २०१० मध्ये पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये गेले. त्याच वर्षी एका खेळाडूला नियमबाह्य लाभ मिळाल्याच्या प्रकरणात विद्यापीठावर कठोर कारवाई झाली आणि २००४ चे विजेतेपदही पुढे काढून घेण्यात आले. संघ अनेक वर्षे त्या धक्क्यातून सावरला नाही.

विदर्भाची वाटचाल मात्र निराळी ठरली. पंडित गेल्यावर काही हंगाम संघ मागे पडला. परंतु मार्च २०२४ मध्ये त्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली. वानखेडे स्टेडियमवर मुंबईने १६९ धावांनी विजय मिळविला, तरी वर्षभराने विदर्भाने हा पराभव भरून काढला. २ मार्च २०२५ रोजी जामठ्यात केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाला तिसरा रणजी करंडक मिळाला. यावेळी प्रशिक्षक होते विदर्भाचेच उस्मान घनी. दानिश मालेवार याने अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या, यश राठोड याने हंगामात ९६० धावा जमविल्या आणि डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. बाहेरून आलेल्या करुण नायरचा वाटा मोठा असला, तरी हे तिघे येथेच घडले. करंडक स्वीकारणारा कर्णधार अक्षय वाडकर होता. २०१८ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा तोच यष्टिरक्षक.

एका तरुण खेळाडूने नामवंत प्रशिक्षकाकडून जे शिकले, ते सात वर्षांनी तो कर्णधार म्हणून पुढच्या पिढीकडे सोपवीत होता. बाहेरच्या प्रशिक्षकावर पैसा खर्च करताना कोणत्याही संघटनेने, विद्यापीठाने वा लहानशा क्रीडा मंडळाने हीच कसोटी लावावयास हवी. करंडक येईल का, हा प्रश्न योग्यच आहे. त्याबरोबरच, त्याच्या हाताखाली शिकण्यास आपल्याकडे कोणी तयार आहे का आणि तो गेल्यावर ते शिक्षण पुढे चालविणारी व्यवस्था आपण उभारली आहे का, हेही विचारले पाहिजे. विदर्भाने मोठ्या नावापूर्वी मैदाने आणि अकादमी उभारली होती. तिसरा करंडक हे त्याचेच फळ आहे.