समाजसंशोधन आणि मूल्यनिरपेक्षता

दगडाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाला दगडाविषयी ममत्व अथवा आकस असण्याचे कारण नसते. समाजाचा अभ्यासक मात्र समाजातच वाढलेला असतो; त्याला जात, भाषा, धर्म असतो, आपपर भाव असतो. अशा अभ्यासकाचे संशोधन मूल्यनिरपेक्ष असू शकते काय, आणि ते तसे असावे काय, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची गल्लत होऊ न देता विचार करावा, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या वादाची शास्त्रशुद्ध मांडणी मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४ च्या निबंधात आणि पुढे १९१७ मध्ये केली. त्याच्या मताचा पुष्कळदा विपर्यास होतो. संशोधकाला मूल्येच नसावीत, असे वेबरचे म्हणणे नव्हते. समाजातील असंख्य घटनांतून कोणती अभ्यासार्थ निवडावयाची, हे मूल्येच ठरवितात, हे त्याला मान्य होते. त्याचा आग्रह असा की, विषय निवडल्यानंतर पुराव्यातून जे निष्पन्न होईल, ते विरुद्ध मूल्ये बाळगणाऱ्यासही मान्य करावे लागेल असे असले पाहिजे. आणि ‘काय आहे’ या उत्तरातून ‘काय असावे’ हे परस्पर काढता कामा नये.

हा भेद जातिसंस्थेच्या अभ्यासातील दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. हर्बर्ट रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाची रुंदी आणि जातीचा सामाजिक दर्जा यांत व्यस्त प्रमाण असते, असा त्यांचा सिद्धांत होता. मोजमापे काटेकोर होती. परंतु काय मोजावयाचे, हे ‘जात म्हणजे वंश’ या आधीच स्वीकारलेल्या गृहीताने ठरविले होते. जनगणनेत त्यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठत्वानुसार क्रमवारीही लावविली. परिणामी आपले स्थान उंचावून मिळावे म्हणून ठिकठिकाणच्या जातींचे अर्ज सरकारकडे येऊ लागले. वस्तुस्थितीची नोंद करावयास निघालेले संशोधन वस्तुस्थितीच बदलू लागले! पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात उपलब्ध मोजमापेच पुन्हा तपासली आणि हा संबंध बहुतेक प्रांतांत आढळत नाही, असे दाखविले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि ९ मे १९१६ रोजी तेथील चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच गटात विवाह करण्याच्या निर्बंधात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी तो निर्बंध टिकविण्यासाठी उपयोगी पडल्या, असा त्यांचा सिद्धांत. जातीचे चटके ज्याने स्वतः सोसले, तो या विषयात तटस्थ असणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. तथापि निबंधाच्या अखेरीस, आपला सिद्धांत टिकण्याजोगा नाही असे दाखवून दिल्यास तो सोडून देण्याची तयारी त्यांनी दर्शविली आहे.

शास्त्राची कसोटी या तयारीत आहे. रिस्ले यांची मूल्ये मोजपट्टीआड दडून राहिली, म्हणून ती तपासली गेली नाहीत. आंबेडकरांची मूल्ये उघड होती. त्यांचा युक्तिवाद मात्र कोणालाही पारखून पाहता येत होता. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावरील १९४४ च्या ग्रंथात हेच पथ्य सांगितले: मूल्ये टाळता येत नसतील, तर ती आरंभीच स्पष्ट मांडावीत.

हा वाद केवळ ग्रंथांतला नाही. १९३१ नंतर देशव्यापी जनगणनेत सर्व जातींची संपूर्ण आकडेवारी प्रसिद्ध झालेली नाही. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. कोणती नावे एका जातीखाली धरावयाची, कोणती वेगळी मोजावयाची, हे ठरविताना मूल्ये येणारच. त्यामुळे आकडे हाती आल्यावर ते कोणाला सोयीचे आहेत, हे पाहण्यापूर्वी ते कोणत्या प्रश्नांतून आणि कोणत्या वर्गीकरणातून निघाले, हे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना शाळेतच लागावी, अशी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन पुरे करतो.