नऊ एकांचा वर्ग आणि न आलेला हातचा

१११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. एकपासून नऊपर्यंत चढून तशीच उतरणारी ही सतरा अंकी संख्या अनेकांना चमत्कार वाटते. ती कशी घडते हे मात्र शाळेतल्या उभ्या गुणाकारात स्वच्छ दिसतं, आणि ते दिसल्यावर मला ती अधिकच देखणी वाटते.

एकाखाली एक नऊ ओळी मांडा. प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १ पडतो, शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ. तिथून पुन्हा एकेक कमी. कुठल्याच स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येतच नाही. सगळी नक्षी त्यावर टिकून आहे.

त्यामुळे ‘कितीही एक घ्या, असंच होतं’ हे खरं नाही. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. मधल्या स्तंभात दहा झाले, शून्य उरलं. हातचा एक डावीकडच्या नवात मिळून तिथेही दहा झाले, आणि त्यापुढच्या आठाचे नऊ. चढणीवरचा ८ नाहीसा झाला तो असा. ही मर्यादा दशमान पद्धतीची आहे. अष्टमान पद्धतीत लिहिलं तर नक्षी सात एकांपर्यंतच टिकते.

देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) अशा संख्यांचा आवडीने अभ्यास केला आणि त्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या असेल असंही काहींना वाटतं. पूर्ण वर्ग मूळ असूच शकत नाही. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि तिच्या वर्गाला तब्बल ४५ विभाजक आहेत. त्यांत ११ नाही. उलटसुलट सारख्या संख्येला ११ ने भाग जाण्याची खात्री अंकांची संख्या सम असेल तेव्हाच देता येते. इथे बाकी १ उरते.

अंकांची बेरीज ८१ येते आणि संख्येला ८१ ने भागही जातो. पण पहिल्या गोष्टीमुळे दुसरी घडते असं समजू नये. बेरजेची कसोटी ३ आणि ९ साठी चालते, पुढे नाही: १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी तिला २७ ने भाग जात नाही. इथलं कारण वेगळं आहे. १११११११११ ला ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, यातही ८ नाही), म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातो.

एक्सेलमध्ये हा वर्ग काढला तर शेवटी २१ ऐवजी ०० दिसेल. एक्सेल पंधराच सार्थ अंक दाखवतं आणि या संख्येला सतरा लागतात, तेव्हा ते उत्तर अचूक मानू नका.