अंगठींतील सावली

फोटोग्राफीचा शोध लागण्यापूर्वीं दूरच्या माणसाचा चेहरा जवळ बाळगावयाचा कसा? श्रीमंत लोक चित्रकाराकडून तसबीर काढवीत. इतरांस तो खर्च झेपत नसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमध्यें ही अडचण सावलीनें दूर केली. दिव्यासमोर माणसाला बसवून त्याच्या मुखाच्या एका बाजूची सावली कागदावर रेखून घेत, ती पँटोग्राफ नांवाच्या यंत्रानें लहान करीत, आणि काळ्या रंगानें भरीत. या चित्रास सिल्हूट म्हणतात. एतिएन द सिल्हूट हा १७५९ सालीं फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याच्या काटकसरीची थट्टा म्हणून स्वस्त वस्तूंना त्याचें नांव पडलें. 'छायाचित्र' हा शब्द खरें पाहतां ह्या कलेलाच शोभता. पण तो फोटोनें बळकाविला!

लीड्सचा जॉन मायर्स (मृत्यु १८२१) हा या कलेंतील अग्रणी होय. अंगठी किंवा पदक यांसाठीं तो हस्तिदंताच्या पातळ चकतीवर नखाएवढें मुख रंगवी. मुख गडद काळें. केस, टोपी व झालर मात्र पातळ केलेल्या रंगानें इतक्या नाजुकपणें काढलेलीं, कीं तीं पाहण्यास भिंग घ्यावें. वर कांच व भोंवतीं सोन्याचें कोंदण असे. (सोनें आलें कीं स्वस्तपणा सरला, हें उघड आहे.) कित्येक पदकांच्या पाठीशीं त्या माणसाच्या केसांची बटही ठेवीत. स्कॉटलंडचा कवि रॉबर्ट बर्न्स याची सावली मायर्सनें १७८७ सालीं काढली. पुढील वर्षीं बर्न्सनें आपल्या एका स्नेही स्त्रीस मायर्सकडे जाण्याचा आग्रह केला. तिचें चित्र छातीवरील पिनेंत बसवून हृदयाजवळ वागवावें, असा त्याचा हेतु होता.

मायर्सच्या जाहिरातींतील एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ सावल्या आपण जपून ठेवतों व त्यांवरून हव्या तितक्या प्रती देऊं शकतों, असें तो कळवी. कोणापाशीं जुनी सावली असल्यास तीही लहान करून चालू रीतीच्या पोषाखांत रंगवून मिळे. म्हणजे माणूस मृत्यु पावल्यावरही त्याच्या मुलीला किंवा भावाला नवी प्रत मिळण्याची सोय होती. त्या प्रतींत डोळे नसत, हास्य नसे. कपाळ, नाक, ओठ व हनुवटी यांची एक रेघ असे. घरच्या माणसांस तेवढ्यावरून ओळख पटे.

१८३९ सालीं दागेरची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली आणि सावलीकारांचा धंदा हळूहळू बसला. त्यांच्या अंगठ्या व पदकें अद्याप संग्राहकांजवळ आहेत. मात्र पुष्कळांवरील माणूस कोण, हें सांगणारा आतां कोणी नाहीं.