मीटर पडण्याआधी

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण ते मोठ्या शहरांत. रोह्याच्या माणसाला त्यासाठी मुंबईला एसटीडी करावा लागे. पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की मीटर पडू लागे. मग काम होवो वा न होवो! म्हणून घरच्या संगणकावर लिनक्स चालवणाऱ्याला दोष शोधण्याचा क्रम पाठ असावा लागे.

आधी फुकटची तपासणी. मोडेम कोणत्या पोर्टवर आहे? डायल टोन येतो का? जुन्या एक्सचेंजला पल्स डायलिंग तर लागत नाही ना? एंगेज टोनचे पैसे पडत नसत. खरा खर्च पुढेच. मोडेमची किरकिर थांबली, पण लॉगिन झाले नाही, तर पासवर्ड आणि चॅट स्क्रिप्ट पाहायची. आकडी पत्त्यावर 'पिंग' पोचतो, नावावर मात्र नाही? मग लाइन ठीक. नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची नोंद तपासायची. पावसाळ्यात तारेवर खरखर वाढली की वेग कमी ठेवणेच शहाणपणाचे. आणि लॉग वाचायचा तो फोन ठेवून!

आता घरचे वायफाय रुसले, तरी क्रम तोच: आधी तार, मग लॉगिन, मग पत्ता, शेवटी नाव.