दहावीनंतरची तयारी आठवीपासून

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. कुणी अकरावीला प्रवेश घेतो, कुणी आयटीआयचा फॉर्म भरतो. त्याच वर्गातून पास झालेला दिव्यांग मुलगा मात्र अनेकदा घरी बसतो. मुलगी असेल तर तिची मार्कशीट थेट कपाटात जाते. ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न आई-वडिलांना निकालानंतर पडतो. तो आठवीतच पडायला हवा, कारण त्याच्या तयारीला दोन-तीन वर्षे लागतात.

आधी कागदपत्रे

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड नसेल तर सवलती कागदावरच राहतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, नागपुरात मेयो आणि मेडिकलमध्ये. आधार, शाळेचा दाखला आणि प्रमाणपत्र यांवरचे नाव एकसारखे आहे ना, ते पाहा. ‘शेख’, ‘मोहम्मद’, ‘बानो’ एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावपळ होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मान्य केले आहेत. वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमताही त्यात येते. अशा मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. प्रमाण 40 टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के पदे राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ हवा असेल तर नववीतच शाळेशी बोला.

मग सवय

कागदाने जागा मिळते, पण तिथे टिकायला सवय लागते. मायेपोटी आपण मुलाचे सगळे स्वतःच करतो. डॉक्टरांनी त्याला विचारले तरी उत्तर अम्मी देते. असा मुलगा अठराव्या वर्षी स्वतःचे दुखणेसुद्धा सांगू शकत नाही.

आठवीपासून एकेक काम त्याच्याकडे द्या. किराणा आणून हिशोब देणे, बँकेत स्वतः जाणे, ‘आपली बस’ने ये-जा करणे. अंध मुलाला पांढरी काठी आणि बोलणारा मोबाइल वापरू द्या. कर्णबधिर मुलाची सांकेतिक भाषा घरातल्या सर्वांनी शिकावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एकच काम रोज, त्याच क्रमाने करू द्या; वेळ लागेल, पण हात बसेल.

मुलींच्या बाबतीत ‘लग्न झाले की झाले’ असे म्हटले जाते. कांचनमाला पांडे यांचे उदाहरण पाहा. पूर्णतः अंध असलेल्या कांचनमाला नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरीला असताना 2017 मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आल्या. प्रत्येक मुलगी पदक आणणार नाही. पण निकाह होवो न होवो, हाती हुनर आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते हवेच.

अठरा पूर्ण झाल्यावर

‘आमच्यानंतर याचे कसे होईल?’ ही चिंता प्रत्येक पालकाला असते. अंध, कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग मूल अठराव्या वर्षी स्वतःचे निर्णय घेऊ शकते. त्याच्या वतीने सही करू नका, त्याला करू द्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर मात्र लक्षात ठेवा: मूल सज्ञान झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. बँक आणि मालमत्तेची कामे अडण्याआधीच तो करावा.

आपले मूल आज आठवीत असेल तर याच आठवड्यात त्याची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा. आणि उद्या दूध आणायला त्यालाच पाठवा.